सोडणे आणि सोपवणे : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची मराठी समीक्षेने उपेक्षा केली, अशी तक्रार कोणालाही करता येणार नाही. निवेदनातील मोकळेपणा, बोलभाषेची लय, नवऱ्यावरचे प्रेम न लपवता त्याच्या विक्षिप्तपणाची केलेली थट्टा, स्वतःवर हसण्याची तयारी हे या पुस्तकाचे विशेष आपल्याकडे इतक्या वेळा नोंदवले गेले आहेत, की आता ते परीक्षार्थींच्या टिपणवहीचा भाग झाले आहेत. या कौतुकाने एक नुकसानही केले आहे. निरागस, निर्व्याज, पारदर्शक ही विशेषणे एखाद्या संहितेला एकदा चिकटली, की तिच्यात विचार शोधण्याचे आपण थांबवतो. फारसे शिक्षण नसलेल्या एका बाईने आठवले तसे सांगितले आणि ते सांगणे सुदैवाने सुंदर झाले, अशी काहीशी समजूत या विशेषणांच्या मुळाशी असते. माझ्या मते ‘स्मृतिचित्रे’त एका अवघड प्रश्नाचा दीर्घ पाठपुरावा आहे. ज्या आचारधर्मात माणूस घडला तो सोडताना नेमके काय सुटते, आणि सुटल्यानंतरच्या अनिश्चिततेत ‘देवावर हवाला ठेवणे’ याचा रोजच्या जगण्यात अर्थ काय होतो, हा तो प्रश्न. लक्ष्मीबाई तो प्रश्न म्हणून मांडत नाहीत, म्हणून तो तेथे नाही असे मानण्याचे कारण नाही.

मराठीत ‘सोडणे’ या क्रियापदाला फार राबावे लागते. उपास सोडतात, सोवळे सोडतात, गाव सोडतात, दानाचे उदक सोडतात, आणि एखाद्या गोष्टीवरचा हक्क कायमचा संपला की तिच्यावर पाणी सोडतात. यांतले प्रत्येक सोडणे निराळे आहे. सोवळे सोडणारी बाई दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा नेसणार असते. पाणी सोडलेली वस्तू मात्र परत मागता येत नाही. धर्मांतराविषयी लिहिताना आपण ‘जुना धर्म सोडला’ हे एकच वाक्य सर्वांसाठी वापरतो आणि या छटा पुसून टाकतो. पूर्वायुष्यावर पाणी सोडणे आणि पूर्वायुष्य विसरणे या दोन गोष्टींतही अंतर आहे, आणि हे पुस्तक त्या अंतरावरच उभे आहे.

हा विषय मला ग्रंथालयात सुचलेला नाही. नागपुरात एम. ए.च्या वर्गाला मी काही वर्षे ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत आले. एका वर्षी, नगरला पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाई आपले स्वयंपाकपाणी वेगळे ठेवतात आणि पुढे ते वेगळेपण टाकतात तो भाग संपवून मी त्यांच्या त्यागाविषयी चार वाक्ये बोलले. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, बाईंनी सोडलं, कारण त्यांच्याजवळ सोडण्यासारखं होतं. माझ्या आजीजवळ काय होतं?” तिची आजी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर होती. मी त्या वेळी काही उत्तर दिले. ते काय होते हे आता आठवत नाही. ते पुरेसे नव्हते, एवढे आठवते. प्रस्तुत लेख ही त्या उत्तराची दुरुस्ती आहे असे म्हटले तरी चालेल.

धर्मांतरिताच्या आत्मकथनाचा एक रूपबंध मराठीत लक्ष्मीबाईंच्या आधीच स्थिर झाला होता. १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे रचनासूत्र त्याच्या नावातच आहे. निवेदक उजेडात उभा राहून मागच्या काळोखाकडे पाहतो, आणि पूर्वायुष्यातील प्रत्येक प्रसंग एक तर चूक म्हणून किंवा पुढच्या प्रकाशाची पूर्वतयारी म्हणून अर्थपूर्ण ठरतो. एकोणिसाव्या शतकातील आचारविचारांचा दस्तऐवज म्हणून ‘अरुणोदय’चे मोल मोठे आहे, तो दस्तऐवज ज्या चौकटीत बसवला आहे ती मात्र साक्षीची चौकट आहे. साक्ष देणाऱ्याला भूतकाळ आपल्या बाजूने बोलावून उभा करावा लागतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंचे श्रद्धाविषयक लेखनही याच जातकुळीचे आहे, जरी त्यांच्या श्रद्धेचा खरा आविष्कार केडगावच्या मुक्तिसदनाच्या उभारणीत झाला. या रूपबंधात देवावरील विश्वास हा प्रवासाचा शेवट असतो, आणि भूतकाळ सोडणे ही त्या विश्वासाची किंमत.

लक्ष्मीबाईंचे पुस्तक काळोखापासून सुरू होत नाही. ते सोवळ्यापासून सुरू होते. त्यांच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांना १८५७च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला, आणि तो ध्यास इतका वाढला की घरात येणारी जिन्नस धुतल्याशिवाय चालेना. मीठसुद्धा धुतले जाई. मीठ धुतल्यावर किती उरते हे स्वयंपाकघरात वावरलेल्या कोणालाही सांगायला नको. साक्षीच्या चौकटीत लिहिणाऱ्याला कर्मकांडाच्या व्यर्थतेवर प्रवचन करण्यासाठी याहून चांगली संधी मिळाली नसती. लक्ष्मीबाई ती घेत नाहीत. वडिलांचे सोवळे त्या एखाद्या घरगुती दुखण्यासारखे सांगतात. त्यात मुलांचे आणि आईचे हाल आहेत, हसू आहे, वडिलांविषयीची एक प्रकारची कणवही आहे. निवाडा नाही.

पुस्तकाच्या आरंभी ही दोन चित्रे शेजारीशेजारी यावीत, ही केवळ कालक्रमाची सोय आहे असे मला वाटत नाही. फाशीचा दोर आणि धुतलेले मीठ यांच्यात लक्ष्मीबाई एक नाते सुचवतात. बाहेरचे जग हाताबाहेर गेले, कोणत्या क्षणी कोण दारात येऊन उभे राहील याचा नेम उरला नाही, तेव्हा या माणसाने हाताच्या आवाक्यातल्या वस्तू धुवायला घेतल्या. जिला आपण परंपरानिष्ठा म्हणतो ती येथे भयातून जन्मलेली आहे. देवाचे नाव घेऊन चाललेले हे सोवळे देवावर काहीही सोपवायला तयार नाही. प्रत्येक दाण्याची खात्री त्याला स्वतःच करून घ्यायची आहे. आपल्या जन्माआधी सुरू झालेल्या या भयाच्या घरात मनकर्णिका गोखले ही मुलगी वाढली, आणि अकराव्या वर्षी तिचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले.

टिळक हे त्या वडिलांचे दुसरे टोक. काहीच धरून न ठेवणारा हा माणूस. नोकरी, गाव, पैसा, राग, सगळे हातातून सुटत असे. न सांगता घरातून निघून जाणे आणि अचानक परतणे हा त्यांचा नेहमीचा परिपाठ. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकातील शेवटच्या दशकाच्या आरंभी ते नागपुरात होते. येथे आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम त्यांनी केले, ‘ऋषि’ नावाचे धर्मविषयक मासिक काढले. हिंदू धर्माची नवी मांडणी करू पाहणाऱ्या या तरुण पंडिताला १८९३ मध्ये राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय पाद्र्याकडून ‘नवा करार’ मिळाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या चरित्रात नागपूर हे असे उंबरठ्याचे गाव आहे. आमच्याकडे मात्र त्याची आठवण क्वचितच निघते. टिळक म्हटले की नगर आणि ‘फुलांमुलांचे कवी’ एवढेच आठवते.

टिळकांच्या देवावरील विश्वासाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी पुढे ज्या गोष्टी सोडल्या त्या पाहिल्या म्हणजे तो विश्वास किती खरा होता हे कळते. परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचताना एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. घरात एकाने देवावर हवाला ठेवला की पिठाची काळजी दुसऱ्याला करावी लागते. बाजारासाठी दिलेले पैसे भलत्याच कामी खर्च करून टिळक प्रसन्न चेहऱ्याने घरी येतात, आणि संध्याकाळच्या जेवणाचा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढे उभा राहतो. आपण हसतो, कारण लक्ष्मीबाई हसवतात. या विनोदाच्या तळाशी श्रद्धेचे एक घरगुती अर्थशास्त्र आहे, ते समीक्षेने पुरेसे उलगडलेले नाही. श्रद्धाळू पुरुषाच्या वैराग्याचा जमाखर्च बहुधा त्याच्या बायकोच्या नावावर मांडलेला असतो. आपल्या संतचरित्रांतही हा जमाखर्च आहे, पण तेथे तो बायकोच्या कजागपणाच्या कथांमध्ये बुडवला गेला. लक्ष्मीबाईंनी तो स्वतःच्या हाताने मांडला, आणि कजागपणाचा आरोप ओढवून न घेता मांडला. ही निर्व्याजता म्हणायची तर तिच्यात बरेच कौशल्य आहे.

टिळकांनी धर्म बदलला तो एका दिवशी. त्यांच्या पत्नीच्या वाट्याला आली ती पाच वर्षे. नवरा जिवंत, पण जातीबाहेर गेलेला; कुंकू आहे, पण संसार नाही; आणि पदरात लहान देवदत्त. आप्तांच्या आश्रयाने पंढरपुरासारख्या ठिकाणी काढलेले हे दिवस म्हणजे या पुस्तकाचा गाभा आहे असे मी मानते. सवाष्ण आणि विधवा या दोनच अवस्था ज्या समाजाला ठाऊक होत्या, त्यात लक्ष्मीबाईंसाठी शब्दच नव्हता. नवऱ्याचा नवा देव त्यांनी स्वीकारलेला नाही, आणि जुन्या घडीत त्यांची जागा उरलेली नाही. देवावर विश्वास ठेवणे याला येथे कोणतेही ईश्वरशास्त्रीय रूप नाही. पत्राची वाट पाहणे, मुलाला वाढवणे आणि नवऱ्याविषयी कोणी वाईट बोलले तर ते सहन न होणे, एवढेच त्याचे रूप आहे. धर्मांतराच्या साहित्यात अशा मधल्या जागेचे वर्णन फार थोडे सापडते, कारण मधल्या जागेतून साक्ष देता येत नाही.

पुढचा भाग नीट वाचला पाहिजे. लक्ष्मीबाई पतीकडे परततात त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. सोवळेओवळे सांभाळून, चूल वेगळी ठेवून त्या राहू लागतात. पतीच्या घरात, त्याच्या नव्या समाजाच्या मध्यावर, वडिलांच्या घरातले पाणी त्या अजून वेगळे भरत आहेत. मग एके दिवशी त्या स्वतःलाच विचारतात, जात देवाने केली की माणसाने? या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या ना पतीचा आधार घेतात ना ‘बायबल’चा. डोळ्यांना दिसते तेवढ्यावरून, एखाद्या गृहिणीने धान्य पारखावे तसा त्या विचार करतात, आणि जात माणसाचीच करणी आहे अशा निर्णयाला येतात. त्या निर्णयाबरोबर अन्नपाण्याचा भेद संपतो. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

हा क्रम महत्त्वाचा आहे. रूढ कथनात आधी विश्वास, मग बाप्तिस्मा आणि त्यानंतर आचारातला बदल येतो. येथे आधी सहवास, मग पाण्याविषयीचा निर्णय आणि शेवटी बाप्तिस्मा आहे. त्याहून लक्षणीय आहे तो प्रश्नाचा घाट. जात देवाने केली असती तर ती सोडणे हा देवाचा द्रोह ठरला असता, आणि मग देव तरी सोडावा लागला असता किंवा जात तरी धरून ठेवावी लागली असती. जात माणसाची ठरली, तेव्हा देव त्या आरोपातून सुटला. लक्ष्मीबाईंनी त्या दिवशी देव बदलला नाही. देवाला मोकळे केले. भूतकाळावर पाणी सोडताना ज्याच्यावर सगळे सोपवायचे तो अलीकडेही होता आणि पलीकडेही तोच आहे, ही खात्री त्यांना मिळाली ती या विचारातून. टिळकांना असे सातत्य वेगळ्या वाटेने मिळाले होते. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत आणि अभंग व कीर्तन ही रूपे त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाहीत. टिळकांचा पूल वाङ्मयाचा आहे, लक्ष्मीबाईंचा पाण्याचा. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या कवितासंग्रहाचे नाव ‘भरली घागर’ असावे, याची मला गंमत वाटते. त्यातून फार काही सिद्ध होते असे मात्र नाही.

पुस्तकाच्या इंग्रजी अवतारांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जोसेफिन इंकस्टर यांनी १९५० साली केलेल्या भाषांतराचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’. म्हणजे पुढे पती आणि मागे पत्नी. संक्षिप्त रूपात ते पुढे ‘फ्रॉम ब्रह्मा टु ख्राइस्ट’ या नावाने निघाले. तेथे दोन स्थानकांमधला सरळ रूळ आहे. २०१७ मध्ये शांता गोखले यांनी संपूर्ण भाषांतर केले तेव्हा मूळ मराठी नाव परत आले. ‘मागोमाग जाणे’ हे लक्ष्मीबाईंचे वर्णन वरवर खरे आहे. टिळक जेथे गेले तेथे त्या उशिरा का होईना पोचल्या. परंतु पाण्याच्या निर्णयाला त्या स्वतःच्या पायांनी पोचल्या, आणि तेथवर आणणारे प्रश्न टिळकांना बहुधा पडलेच नव्हते. टिळकांच्या हातात सोवळे कधी घट्ट नव्हतेच. ते सोडण्याचे कष्टही त्यांना ठाऊक नसावेत.

भूतकाळ सोडलेल्या बाईने भूतकाळाचे इतके तपशीलवार पुस्तक का लिहावे, असा एक प्रश्न राहतो. बाह्य कारण सर्वांना ठाऊक आहे. देवदत्त टिळकांनी वडिलांचे चरित्र लिहिण्यासाठी आईकडे आठवणी मागितल्या, आणि त्या आठवणी चरित्राच्या मावेनाशा झाल्या. १९३४ ते १९३६ या काळात चार भाग निघाले. चौथा पुरा होण्याआधीच, फेब्रुवारी १९३६ मध्ये, लक्ष्मीबाईंचे निधन झाले. आंतरिक कारण निवेदनाच्या स्वरात शोधावे लागते. ज्या आप्तांनी टिळकांच्या धर्मांतरानंतर आकांत केला, त्यांची चित्रे या पुस्तकात आहेत. त्यांच्याकडून काहीही वसूल करायचे उरलेले नाही अशा हाताने ती काढलेली आहेत. जो भूतकाळावर हक्क सांगतो, त्याला तो सतत दुरुस्त करावा लागतो. ज्याने पाणी सोडले आहे त्याला तो जसाच्या तसा आठवता येतो, धुतलेल्या मिठासकट.

टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडली, ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना त्यात जागा दिली. दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते वारले. त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी अपुरे ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करायला घेतले. त्यातील बहुतेक अध्याय त्यांचे आहेत. जोडाक्षरांशी जन्मभर भांडलेल्या बाईने महाकाव्य पुरे करावे, यावरही आपण कौतुकाचेच बोललो आहोत. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’चा दर्जा काय, हा प्रश्न त्या कौतुकात वाहून गेला. माझ्या मते गद्यातल्या लक्ष्मीबाई तेथे भेटत नाहीत. ओवीने त्यांना जपून चालायला लावले आहे.

आता माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न. ‘सोडण्यासारखं होतं’ हे तिचे म्हणणे शब्दशः खरे आहे. सोवळे ही मालमत्ता आहे. ती वारशाने मिळते, तिच्यामुळे पत मिळते, आणि ती टाकणाऱ्याला समाज त्यागी म्हणतो. ज्यांच्या स्पर्शाने ते सोवळे मोडत असे, त्यांनी काय टाकायचे होते? बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) महारवाड्यातील देवदेवस्की, अंगात येणे, नवस आणि उपास यांची चित्रे आहेत. लक्ष्मीबाई वडिलांचे सोवळे जितक्या तपशिलाने सांगतात, तितक्याच तपशिलाने बेबीताई आपल्या वस्तीतले हे जग सांगतात. निवेदनाची पद्धत जवळची आहे, पण मागे ठेवलेली वस्तू निराळी आहे. हे देव त्या वस्तीने उशाशी घेतले होते, कारण दुसरे काही उशाशी घ्यायला नव्हते. त्यांना सोडण्यात पत गमावण्याचा प्रश्न नव्हता. अंगावर लादलेले काढून टाकणे आणि अंगावर मिरवलेले उतरवणे, या दोन क्रियांना आपण एकच क्रियापद वापरतो, ही मराठीची गैरसोय आहे.

देवावरील विश्वासाचे काय? १९५६च्या नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची सुरुवात नकारांनी होते. कोणत्या देवांना मानणार नाही, हे आधी क्रमाने सांगितले जाते. लक्ष्मीबाईंच्या घरात एका बाईच्या मनात जे चालले, ते येथे लाखोंनी एका स्वरात उच्चारले. परंतु उत्तर निराळे आहे. लक्ष्मीबाईंनी जातीच्या आरोपातून देवाला सोडवले. येथे देवाचा बचाव करण्याची कोणाला गरज वाटली नाही. ज्याच्या नावाने पाणी नाकारले गेले, तो निर्दोष असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे ज्यांना पाणी नाकारले त्यांच्यावर का असावे? बदलाच्या अनिश्चिततेत भरवसा ठेवायला तेथे बुद्धाचा धम्म होता, बाबासाहेबांचा शब्द होता आणि शेजारी उभा असलेला माणूस होता. भरवसा ही वस्तू देवाखेरीजही असू शकते, हे ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना मी गृहीत धरायला विसरले होते.

आणि भूतकाळ? तो सोडल्याने सुटतोच असे नाही, याची मराठीतील सर्वांत बोचरी नोंद नागपूरच्याच एका लेखिकेने केली आहे. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) त्यांच्या संस्कृत शिकण्याची कहाणी आहे. संस्कृतात एम. ए. झालेल्या या दलित तरुणीला नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर ती मिळाली. लेखिका उपरोधाने विचारतात तो प्रश्न असा, की नोकरी मिळाली ती कोणाला, सोमकुवरांच्या मुलीला की पावडे हे नाव लावणाऱ्या बाईला? ज्या शहरात टिळकांना संस्कृतच्या बळावर आश्रय मिळाला, त्याच शहरात साठसत्तर वर्षांनी तीच विद्या एकीला आडनावाशिवाय उपयोगी पडली नाही. येथे भूतकाळ व्यक्तीने सोडला आहे, पण भूतकाळाने व्यक्तीला सोडलेले नाही. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हे उलट झाले होते. त्यांच्या सोडण्याची दखल घेणारा एक समाज दोन्ही बाजूंना होता. एक शिव्या देणारा, दुसरा स्वागत करणारा. पण दखल दोघांनीही घेतली.

या दोन वाचनांना जोडणारा एक धागा काळाचा आहे, आणि तो माझ्या लक्षात फार उशिरा आला. ‘स्मृतिचित्रे’चे भाग निघत होते ती वर्षे कोणती? मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले होते. १९३० साली नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे पाच वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. लक्ष्मीबाईंचे माहेर जलालपूर नाशकाजवळचे, आणि येवला त्याच जिल्ह्यातले. पस्तीस वर्षांपूर्वी एका घरात सुटलेल्या पाण्याची गोष्ट जेव्हा मराठी वाचक चवीने वाचत होता, तेव्हा त्याच पाण्यासाठी बाहेर माणसे मार खात होती. त्या वेळच्या कौतुकात निवेदनाच्या प्रसन्नतेला जे स्थान मिळाले, त्याचे एक कारण हेही असावे. घरातले पाणी प्रसन्नपणे वाचता येत होते, तळ्यातले नाही. ‘निरागस’ हे विशेषण त्या वाचकाच्या सोयीचे होते, लेखिकेच्या नव्हे.

‘स्मृतिचित्रे’ची मर्यादा याच ठिकाणी सांगायला हवी. लक्ष्मीबाई अन्नपाण्याचा भेद टाकतात तेव्हा तो टाकण्याचा विचार आपल्याला पूर्ण ऐकू येतो. ज्यांच्या हातचे पाणी त्यांनी इतके दिवस नाकारले, त्यांना त्या नकाराचे काय वाटले, हे ऐकू येत नाही. दुष्काळातल्या पोरक्या मुलांना त्यांनी पुढे उराशी धरले, त्यात जातीचा विचार राहिला नाही, हे सगळे खरे. तरीही पाण्याची दुसरी बाजू या पुस्तकात मुकी आहे. एका आत्मकथनाने सगळ्यांच्या वतीने बोलावे अशी अपेक्षा करणे चूक ठरेल. पण ते एकटेच शिकवले गेले, तर ही मुकी बाजू विद्यार्थ्याला दिसतही नाही. आमच्याकडे अभ्यासपत्रिका अशा आखलेल्या असतात, की ‘स्मृतिचित्रे’ एका सत्रात ‘आत्मचरित्र’ या सदरात येते आणि ‘जिणं आमुचं’ दुसऱ्या सत्रात ‘दलित साहित्य’ या सदरात. दोघींच्या मध्ये उन्हाळ्याची सुटी असते.

त्या विद्यार्थिनीने पुढे लघुप्रबंधासाठी आजीच्या आठवणी टिपून आणल्या. मी तिला धर्मांतराचे आत्मकथन म्हणून त्यांची मांडणी करायला सुचवले होते: आधीचे आयुष्य, निर्णय, नंतरचे आयुष्य. तिने ते ऐकले नाही, कारण आजी तशी सांगतच नव्हती. आजीने घर सांगितले होते. चुलीमागचा कोनाडा, त्यातले टाक, ते कोणी उचलले, कोठे नेऊन टाकले, आणि रिकाम्या कोनाड्यात पुढे रॉकेलची चिमणी ठेवू लागले ते.